बारमाही दुखण्याचा हिशेब

शाळेत आम्ही मुलांना फिरोजशाह तुघलक शिकवतो. त्याचे कालवे, त्याच्या बागा, त्याने वसवलेली शहरे. मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. त्याने दिल्लीत दारुश्शिफा म्हणजे मोफत रुग्णालय काढले होते, हे एका ओळीत येते आणि जाते. त्या रुग्णालयाचा खर्च कुठून येत होता, असे आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. खरे सांगायचे तर शिक्षकांनीही फारसे विचारलेले नाही. आजारी माणसाच्या औषधाचे पैसे कोणी भरले, हा इतिहासाचा विषय आहे असे आपल्याला कधी वाटलेच नाही.

आम्हाला तो वाटू लागला तो मोहल्ल्यातल्या मेडिकलच्या दुकानासमोर उभे राहून. संध्याकाळी मगरिबनंतर तिथे गर्दी असते. कोणी म्हातारी खाला डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करते आणि हळूच म्हणते, ‘‘बेटा, पूरा पत्ता मत दे, पाँचच दे.’’ दुकानदार कात्रीने पत्ता कापतो. पाच गोळ्या म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने अडीच दिवस, खालांच्या हिशेबाने पाच दिवस, कारण त्या दोनऐवजी एकच घेतात. साखरेचा आजार, रक्तदाब, दमा, थायरॉईड, मिरगी या साऱ्या दुखण्यांचा स्वभाव एकच आहे. ती माणसाला लवकर मारत नाहीत आणि बरीही होत नाहीत. दर महिन्याला पगाराच्या आधी दारात येऊन उभी राहतात.

आमच्या घरी अम्मींना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. त्यातली पहिली काही वर्षे आम्ही विनाअनुदानित शाळेत होतो. तिथे पगार कधी दोन महिन्यांनी व्हायचा, कधी चार. त्या दिवसांत कोणते सामान उधार मिळते आणि कोणते मिळत नाही याचे चांगले ज्ञान झाले. किराणा उधार मिळतो, दूध मिळते. इन्सुलिनची कुपी मात्र रोखीने घ्यावी लागे. एवढेच घरचे सांगून पुढे जातो, कारण ज्या घरात अशी कहाणी नाही असे घर वाचकांपैकी क्वचितच कोणाचे असेल.

तर प्रश्न असा की हे बारमाही दुखणे आपल्या पूर्वजांनी कसे निभावले? पैसा कोणाचा होता?

इस्लामी इतिहासात या बाबतीतली एक जुनी नोंद मोठी बोलकी आहे. उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक याने दमास्कसमध्ये इसवी सन ७०७ च्या सुमारास कुष्ठरोग्यांसाठी वेगळी व्यवस्था केली आणि त्यांना वजिफा बांधून दिला. कोणी भीक मागायची नाही, अशी ताकीद होती. अपंगाला एक सेवक आणि आंधळ्याला हात धरून नेणारा माणूस सरकारी खर्चाने मिळे. तबरीने हे लिहून ठेवले आहे. कुष्ठरोगावर त्या काळी औषध नव्हते, रोगी बरा होणार नाही हे खलिफाला माहीत होते. म्हणून त्याने दवा दिली नाही, वजिफा दिला. बऱ्या न होणाऱ्या दुखण्याला एकदाची खैरात पुरत नाही, त्याला बांधलेली रक्कम लागते, ही समज तेराशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे बिमारिस्तानांचा जमाना आला. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगीने बाराव्या शतकात बांधलेला बिमारिस्तान प्रसिद्ध आहे. कैरोचा मन्सूरी बिमारिस्तान त्याहून मोठा. सुलतान कलावून हा तरुणपणी दमास्कसला आजारी पडला, नूरुद्दीनच्या बिमारिस्तानातल्या औषधाने बरा झाला आणि सत्ता मिळाली तर असाच दवाखाना बांधीन अशी त्याने मन्नत केली, असे सांगतात. १२८४ मध्ये त्याने ती पुरी केली. या दवाखान्याचा वक्फनामा इतिहासकारांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. पुरुष असो की स्त्री, श्रीमंत असो की गरीब, शहरातला असो की परदेशी, प्रत्येकाला बरा होईपर्यंत ठेवायचे. अन्न, औषध, बिछाना सारे वक्फच्या उत्पन्नातून. त्यासाठी दुकाने, हमामखाने, घरे वक्फ करून ठेवली होती. सुलतान मेला, त्याचे वारस गेले, तरी दुकानांचे भाडे येत राहिले आणि दवाखाना चालत राहिला.

पण आम्हाला त्या वक्फनाम्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जे गरीब रोगी दवाखान्यात न येता आपल्या घरीच पडून आहेत, त्यांनाही औषध पोचवण्याची सोय त्यात होती. अट एवढीच की आतल्या रोग्यांचे त्यामुळे कमी पडू नये. औषध घरपोच, पैसे वक्फचे. हा विचार सातशे चाळीस वर्षांपूर्वीचा आहे आणि आजच्या बहुतेक विमा योजना अजून तिथवर पोचलेल्या नाहीत. विमा काय करतो ते पुढे येईलच.

आपल्या दख्खनमध्येही हे होते. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा (१४३६ ते १४५८) याने बिदरला दारुश्शिफा बांधली. फरिश्ता लिहितो की औषध आणि अन्नाच्या खर्चासाठी त्याने गावांचे उत्पन्न लावून दिले आणि हकीम व वैद्य, मुसलमान आणि हिंदू, दोन्ही नेमले. हैदराबादेत मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९५ साली दुमजली दारुश्शिफा उभी केली. तिथे उपचार व्हायचे आणि तिबचे शिक्षणही दिले जायचे. त्या मोहल्ल्याचे नाव आजही दारुलशिफा आहे. बिदर आपल्या हद्दीपासून किती दूर आहे? उदगीरच्या माणसाला विचारा. तिथला सुलतान गावांचे उत्पन्न दवाखान्याला लावतो आणि आपल्याकडे मात्र वक्फ म्हटले की मशीद, दर्गा आणि कब्रस्तान एवढीच तीन नावे आठवतात.

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या काळच्या दारुश्शिफेत साखरेच्या रोग्याला फार काही मिळत नसणार. रोग ओळखीचा होता. आपल्या वैद्यांनी त्याला मधुमेह हे नाव दिले होते, इब्न सीनाने लघवीच्या गोडपणाची नोंद केली होती. इलाज मात्र पथ्य आणि जडीबुटीचा. गुडमार, जांभळाच्या बिया, मेथी, कारले. ही औषधे स्वस्त होती आणि हकीमसाहेब गरिबाकडून नजराणा घेत नसत. श्रीमंताकडून भरपूर घ्यायचा आणि गरिबाला फुकट द्यायचे, हा जुन्या हकिमांचा विमा होता म्हणा ना! दिल्लीचे हकीम अजमल खान राजे-महाराजांकडून मोठी फी घेत आणि आपल्या दारात येणाऱ्या गरिबांना मोफत तपासत. त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना काढला तो औषधविक्रीतून तिब्बिया कॉलेज चालावे म्हणून. दिल्लीच्याच हमदर्द दवाखान्याची सुरुवात १९०६ ची. हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये तो पुरा धंदाच वक्फ करून टाकला. फाळणीनंतरच्या वर्षात, अवतीभवती जळत असताना एक माणूस आपली कमाई वक्फ करतो, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

इंग्रजी अमदानीत मुंबईत रुग्णालये आली ती दानातूनच. जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले. कोकणातून बोटीने येणारा आपला माणूस दुखणे वाढले की ‘जे. जे.’ला जायचा आणि अजूनही जातो. पण रुग्णालय ही खाटेची गोष्ट आहे. खाटेवर पडलेल्याला जेवण मिळते, औषध मिळते. खाट सोडून गावी परतलेल्याचे काय?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने १९२२ मध्ये जन्मला. त्या वर्षीच्या ११ जानेवारीला कॅनडात टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. पहिला प्रयत्न फारसा साधला नाही. काही दिवसांनी कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला. त्याआधी अशी मुले थोड्याच काळात दगावत. त्यांना उपाशी ठेवून आयुष्य काही महिने लांबवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आता ती जगू लागली, मात्र दररोज सुई घेऊन. मरणारा रोगी बारमाही रोगी झाला. औषध सापडले आणि त्याच दिवशी औषधाचा मासिक खर्चही सापडला, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांना हे कळत असावे. जानेवारी १९२३ मध्ये मिळालेले इन्सुलिनचे पेटंट त्यांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध एका कंपनीच्या मुठीत जाऊ नये हा हेतू. आम्ही हा प्रसंग वर्गात सांगतो तेव्हा मुले विचारतात, ‘‘सर, मग इन्सुलिन महाग का?’’ मुलांना उत्तर देणे कठीण असते. शंभर वर्षांत गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन जाऊन प्रयोगशाळेत बनवलेले आले, त्यानंतर आणखी सुधारलेले आले; प्रत्येक नव्या रूपाबरोबर नवे पेटंट आले. एक डॉलरचे पेटंट जुन्या कुपीचे होते.

इथून आमच्या विषयाचा गाभा सुरू होतो आणि तो मुंबईत घडतो.

पन्नाशीच्या दशकात साखरेच्या आजारावर सुईऐवजी गोळी आली, टोलब्युटामाइड. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीची. हिंदुस्थानात त्या वेळी पेटंटचा १९११ चा इंग्रजी कायदा चालू होता. त्या कायद्याने पेटंट १६ वर्षे चालायचे आणि कंपनी म्हणेल तो भाव. त्या काळी अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. काही औषधांच्या किमती गरीब हिंदुस्थानात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, असे त्यात निघाले. परळच्या हाफकिन संस्थेने, जी प्लेगच्या लसीसाठी सुरू झाली होती, टोलब्युटामाइड बनवण्याची आपली वेगळी रीत शोधून काढली. त्या रीतीने मुंबईची युनिकेम कंपनी गोळी बनवू लागली. हेक्स्टने मुंबई हायकोर्टात दावा लावला. साठच्या दशकाच्या अखेरीस निकाल लागला तो हेक्स्टच्या बाजूने. कायदा तसाच होता, न्यायाधीश तरी काय करणार! आपल्याच शहरात, आपल्याच सरकारी संस्थेने शोधलेल्या रीतीने बनलेली साखरेची गोळी आपल्याला विकता येईना.

त्या काळात मुंबईत एक माणूस या कायद्याविरुद्ध बोलत होता. ख्वाजा अब्दुल हमीद. अलीगढचा जन्म, १८९८ चा. गांधीजींच्या हाकेवर कॉलेज सोडणाऱ्या पिढीतले, डॉ. झाकिर हुसेन यांचे मित्र. बर्लिनला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९३५ मध्ये मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. तिचेच नाव पुढे सिप्ला झाले. १९३९ मध्ये गांधीजी त्यांचा कारखाना पाहायला आले होते. फाळणीच्या वेळी त्यांनी मुंबई सोडली नाही. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्यातल्या मुसलमानांची यादी करताना शायर येतात, मौलाना येतात, वकील येतात. औषध बनवणारा हा माणूस यादीत सापडत नाही आणि मोहल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात मात्र त्याच्या कंपनीची एखादी तरी गोळी किंवा दम्याचा पंप सापडतो.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये पेटंट कायद्यावर अहवाल दिला. तो कायद्यात उतरायला अकरा वर्षे लागली. विधेयक आले, अडले, पुन्हा आले. शेवटी १९७० मध्ये नवा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातली कलमे वकिलांसाठी सोडून द्या. आपल्या कामाच्या दोनच गोष्टी. औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मिळेल. आणि तेही अर्ज केल्यापासून सात किंवा मंजूर झाल्यापासून पाच वर्षे, यातले जे कमी असेल तेवढेच. म्हणजे हाफकिनसारखी वेगळी रीत शोधली की तीच गोळी बिनदिक्कत बनवता येणार. ख्वाजासाहेबांचे त्याच वर्षी निधन झाले. कायदा लागू झालेला त्यांनी पाहिला.

त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या औषधावरून एका ब्रिटिश कंपनीने सिप्लाविरुद्ध तक्रार केली आणि प्रकरण थेट इंदिरा गांधींपर्यंत गेले. हे औषध लाखो हिंदी लोकांना मिळू द्यायचे की नाही, एवढाच सवाल त्यांच्यापुढे ठेवला गेला. कायदा बदलण्यामागे कारणे पुष्कळ होती आणि एका भेटीने कायदे बदलत नसतात, पण रक्तदाबाची गोळी पंतप्रधानांच्या टेबलापर्यंत गेली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नंतरची तीस वर्षे आपल्याला फुकट मिळालेली वाटतात, इतकी आपण ती गृहीत धरली. साखरेची, रक्तदाबाची, दम्याची, मिरगीची एकेक गोळी दहा-वीस कंपन्या बनवू लागल्या. १९७० पासून सरकारच्या किंमत-नियंत्रण आदेशाची त्यात भर पडली. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधे होती. पुढे ती यादी आटत गेली, १९८७ मध्ये १४२ आणि १९९५ मध्ये ७४. तरी स्पर्धेने भाव खाली राहिले. २००१ च्या फेब्रुवारीत याच सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स एका मानवतावादी संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पश्चिमेत त्याच उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. आफ्रिकेतल्या कित्येक घरांत आज माणूस जिवंत आहे तो या आकड्यामुळे. आणि २००३ मध्ये औरंगाबादशी (आजचे छत्रपती संभाजीनगर) नाते असलेल्या वोक्हार्टने देशात बनवलेले पहिले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. वोक्हार्टचे हबील खोराकीवाला हे बोहरा समाजातले. अभिमानासाठी ही नावे घेत नाही. त्यांनी धंदा केला, नफा कमावला, सवाब कमावला असे म्हणायचे कारण नाही. पण गोळीचा भाव पाडून जेवढ्या बारमाही रोग्यांना त्यांनी जगवले, तेवढे आपल्या साऱ्या बैतुलमालांनी मिळून जगवले असतील का, याची आम्हाला शंका आहे.

बैतुलमालचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. जकात निघते रमजानमध्ये. जमातीकडे पैसा येतो तोही रमजानमध्ये, आणि ईदच्या आधी बराचसा वाटून होतो. आजारी माणूस शव्वालमध्ये आला की खजिनदारसाहेब म्हणतात, रमजानला या. ऑपरेशन असेल तर विशेष चंदा निघतो, मशिदीत जुम्म्याला एलान होतो, लोक देतात. मोकळ्या हाताने देतात, याला आम्ही साक्षी आहोत. पण साखरेच्या गोळीसाठी कधी एलान ऐकला आहे? ज्या दुखण्यात रक्त दिसत नाही, त्याला चंदा मिळत नाही. दुसरी अडचण निसाबची. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीचा हिशेब लावला तर ज्या बाईच्या गळ्यात लग्नातला हार उरला आहे ती जकातीची हकदार ठरत नाही. हार विकून ती हकदार होऊ शकते! रिक्षावाला, लूमवर काम करणारा, खासगी शाळेतला मास्तर, टेलर, अशी मधली सारी माणसे देण्याइतकी श्रीमंत नाहीत आणि घेण्याइतकी गरीब नाहीत. कोकणात ही जागा आखातातल्या मुलाच्या पैशांनी भरून काढली. कुवेतहून मनीऑर्डर आली की आधी मेडिकलची उधारी, मग घराचे कौल. ज्यांचा कोणी आखातात नव्हता, त्यांनी गोळी अर्धी केली.

आता विम्याकडे येऊ. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा, चांगला कायदा. त्यात घरी घ्यायचे औषधही मिळते. पण तो कारखान्यांच्या कामगारांसाठी. मालेगाव, भिवंडीच्या लूमवर ज्याचे नाव कोणत्याच रजिस्टरवर नाही, तो त्यात कसा येणार? १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्यात आधीपासून असलेला आजार वगळलेला आणि खाटेवर दाखल झाल्याशिवाय पैसे नाहीत. २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना कुटुंबाला ३० हजारांची, तीही दाखल झाल्यावरच. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ ची, पाच लाखांची. महात्मा फुले योजनाही सर्व कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. या योजनांनी माणसे वाचवली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या ओळखीच्या एका घरात आठवड्याला डायलिसिस याच योजनेवर चालते. पण तिथेच मेख आहे. साखरेने मूत्रपिंड गेले की डायलिसिसचे पैसे मिळतात. मूत्रपिंड जाऊ नये म्हणून दहा वर्षे जी गोळी घ्यायची तिचे मिळत नाहीत. पाय कापायला मिळतात, पाय वाचवायला नाही. योजना बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खाट असते.

धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांसाठी राखाव्यात, अशी योजना मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये लागू केली. तिथेही शब्द ‘खाटा’च. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सारे मोफत झाले. तिथे मेटफॉर्मिन बहुधा मिळते. न मिळाल्यास ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी मिळते, आणि खाला पुन्हा कात्रीसमोर उभ्या.

मधल्या काळात १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या पदार्थावरचे पेटंट परत आले होते. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर ते टळणार नव्हते. संसदेने त्यात ३ (ड) हे कलम घातले, म्हणून जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या खटल्यात ते उचलून धरले. कर्करोगाच्या त्या औषधाची चर्चा सगळीकडे झाली. साखरेच्या नव्या गोळ्यांची झाली नाही. त्यांची पेटंटे मंजूर होती आणि वीस वर्षे चालली. त्यामुळे गेल्या दशकात एक चमत्कारिक दृश्य दिसले. डॉक्टर नवी गोळी लिहून देत, दुकानदार भाव सांगे, रोगी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवी आणि जुनीच गोळी मागे. मग २०१९ च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिनचे पेटंट संपले, २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे, मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे. शेवटच्या गोळीचा भाव साठ रुपयांच्या आसपास होता, तो काही कंपन्यांनी एका दिवसात पाच-सहा रुपयांवर आणला. ना कोणी मोर्चा काढला, ना चंदा. तारीख उलटली आणि साठाचे सहा झाले. ज्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे त्या तारखेपर्यंत टिकली, त्यांना फायदा झाला.

आता वक्फकडे परत जाऊ. २००६ च्या सच्चर समितीने देशातल्या नोंदलेल्या वक्फ मिळकती ४.९ लाख मोजल्या. त्यांची बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी आणि वर्षाचे उत्पन्न १६३ कोटी. शंभर रुपयांवर पंधरा पैसेही नाहीत. दहा टक्के मिळाले असते तर १२ हजार कोटी झाले असते, असा हिशेब समितीनेच मांडला. २०२५ मध्ये वक्फचा कायदा बदलला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तो वाद इथे उकरत नाही. उत्पन्न का आटले याचे उत्तर त्या वादाच्या फार आधीचे आहे. मशिदीखालची दुकाने आजोबांच्या काळच्या भाड्याने दिलेली आहेत आणि पोटभाडेकरू खरे भाडे खातो, हे प्रत्येक कसब्यातल्या माणसाला ठाऊक आहे. मुतवल्ली म्हणतात, मशिदीच्या नावाने वक्फ केलेल्या मिळकतीचा पैसा औषधाकडे वळवता येत नाही. बरोबर आहे, वाकिफचा मनशा मोडता येत नाही. पण औषधाच्या नावाने नवा वक्फ करायला कोणी अडवले आहे? कलावूनने दुकाने वक्फ केली ती दवाखान्याच्या नावाने, घरी पडलेल्याच्या औषधासकट.

आम्ही मास्तर माणसे, फळ्यावर गणित मांडल्याशिवाय समाधान होत नाही. साखरेच्या साध्या रोग्याला रोज दोन मेटफॉर्मिन, एक ग्लिमेपिराइड आणि बहुधा एक रक्तदाबाची गोळी लागते. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या एक-दीड रुपयाच्या आसपास पडतात. रोजचे पाच रुपये धरू. महिन्याचे दीडशे. मोहल्ल्यात असे शंभर रोगी निघाले तर महिन्याला १५ हजार, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. इन्सुलिनवाले पंधरा-वीस जण वेगळे, त्यांचा खर्च जास्त, तो वेगळा मांडावा लागेल. तपासणीच्या पट्ट्यांचाही त्यात नाही. पण गोळीवाल्या शंभरांचा हिशेब एवढाच. आमच्या कसब्यात बाजारपेठेतल्या लहान दुकानाला आज सात-आठ हजार रुपये भाडे मिळते. शंभर माणसांना दोन दुकाने.